गोठ्याआधी गायरान

महाराष्ट्र शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन प्रतिगाय ५० रुपयांचे अनुदान देण्याचे ठरविले. त्यानंतर दोन महिने उलटण्याच्या आतच, २५ नोव्हेंबर २०२४ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मंजुरी दिली. २,४८१ कोटी रुपयांच्या या अभियानातून रसायनमुक्त शेती १ कोटी शेतकऱ्यांपर्यंत आणि साडेसात लाख हेक्टर क्षेत्रापर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. गोप्रेमी समाजाने या दोन्ही निर्णयांचे मनापासून स्वागत केले, आणि ते योग्यच होते. परंतु स्वागताच्या त्या गजरात एक साधा प्रश्न मागे पडला. नैसर्गिक शेती गाईवर उभी आहे आणि गाय गवतावर. मग हे गवत उगवायचे कोठे?

हा प्रश्न पुस्तकी नाही. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात, टोकाईच्या डोंगराजवळ वसलेल्या कुरुंद्यासारख्या गावात तो रोज सकाळी गोठ्यात उभा राहतो. वसमत तालुका पूर्णा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातला. येथील काळ्या कसदार जमिनीत हळद, ऊस, सोयाबीन आणि कापूस पिकतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि या पिकाची कीर्ती बाजारपेठेच्या नकाशावर अधिकृतपणे नोंदली गेली. टोकाईच्या नावाने कुरुंद्यात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. वरवर पाहता हा भाग सुखी म्हणावा असा. परंतु हळदीचे अर्थशास्त्र जरा खोलात जाऊन तपासले, की गोठ्याची आणि माळाची दुरवस्था त्यातून लपत नाही.

हळद हे खादाड पीक आहे. उत्तम कंद पोसायचा तर हेक्टरी २५ टनांहून अधिक कुजलेले शेणखत लागते, म्हणजे एकरी दहा टन. एका जनावरापासून गोठ्यात दिवसाकाठी दहा किलो शेण हाती लागते असे धरले, तर वर्षाला साडेतीन टन ओले शेण होते, आणि कुजल्यावर त्याचे दोन टनही उरत नाहीत. याचा अर्थ एक एकर हळदीला पाच-सहा जनावरांचे खत हवे. राज्यातील सरासरी वहिवाट १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टरवर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकरांवर आली. एवढ्या जमिनीचा धनी पाच-सहा जनावरे बांधणार कशी? तो खत विकत घेतो. ते मिळेनासे झाले की रासायनिक खताच्या गोण्या वाढवितो. ज्या पिकाला मानांकन मिळाले, त्याच्या मुळाशी असलेली माती अशा रीतीने दरसाल थोडी थोडी खंगत जाते.

यावर उपाय म्हणून आज अल्पभूधारकापुढे प्रामुख्याने दोन मार्ग मांडले जातात. पहिला मार्ग पर्माकल्चरचा, अर्थात चिरस्थायी शेतीरचनेचा. ऑस्ट्रेलियाचे बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी १९७८ मध्ये तो पुस्तकरूपाने जगापुढे ठेवला. झाडे, वेली, कंद, भाजीपाला, कोंबड्या, पाणी आणि घर यांची मांडणी अशी करावी की एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याचे अन्न व्हावा आणि जमीन कधीच उघडी राहू नये, हे त्याचे सार. दुसरा मार्ग कुरणाधारित शेतीचा. जमीन नांगरू नये, तिच्यावर गवत वाढू द्यावे, जनावरांना त्या कुरणाच्या एकेका तुकड्यावर थोडा काळ चरू देऊन पुढे न्यावे आणि चरलेल्या तुकड्याला पुरेशी विश्रांती द्यावी. फ्रान्सचे आंद्रे व्होइझँ यांनी गेल्या शतकाच्या मध्यास या विश्रांतीचे शास्त्र मांडले; झिम्बाब्वेचे ॲलन सेव्हरी यांनी त्याचा जगभर प्रचार केला. पहिल्या मार्गाचे अनुयायी म्हणतात, झाड लावा. दुसऱ्याचे म्हणतात, गवत राखा. दोघांत वादही पुष्कळ झडतात.

हे विचार परदेशातून आले म्हणून त्याज्य ठरत नाहीत, आणि परदेशातून आले म्हणून जसेच्या तसे स्वीकारार्हही ठरत नाहीत. त्यांची पारख आपल्या मातीवर व्हावयास हवी.

पर्माकल्चर आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाची उपजीविका कशी साधेल, याचे गणित मांडले आणि ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकात ते विशद केले. मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने पुढे दक्षिण गुजरातच्या वनवासी पट्ट्यात ‘वाडी’ची कल्पना रुजविली. एकरभर जागेत आंबा-काजूची फळझाडे, मधल्या पट्ट्यांत पिके आणि भोवती जिवंत कुंपण अशी ती रचना. सिंचनाची थोडीफार सोय, घरच्या माणसांचे हात आणि चार-पाच वर्षे थांबण्याची तयारी असेल, तर लहान तुकड्यातून कुटुंबाचा आहार आणि रोकड दोन्ही निघते, हे या वाड्यांनी दाखविले.

कुरुंद्याच्या परिसरात या विचाराला अनुकूल असे बरेच काही आहे. हळद विरळ सावलीत सुखाने वाढते. म्हणून तर हळदीच्या शेतात एरंड लावण्याची जुनी रीत आहे. बांधावर शेवगा, हादगा, गिरिपुष्प लावले तर सावली, चारा आणि हिरवळीचे खत एकाच झाडातून मिळते. मात्र एक इशारा द्यावयास हवा. पर्माकल्चरच्या चित्रफितींत उताराला आडवे चर खणून पाणी जिरविण्यावर फार भर असतो. मुरमाड डोंगरउतारावर ते उत्तमच. आपल्याकडचे सलग समपातळी चर दुसरे काय करतात? परंतु खोल काळ्या जमिनीत पाणी तुंबले की हळदीला कंदकूज लागते. तेथे पाण्याला वाट करून देणारा रुंद वरंबाच हवा. एका जमिनीचे औषध दुसऱ्या जमिनीला विष ठरते, हे शेतकरी जाणतो. शिबिरातून नुकताच परतलेला उत्साही तरुण पुष्कळदा जाणत नाही.

आता कुरणाचा मार्ग पाहू. तीनशे किलो वजनाची देशी गाय दिवसाला साडेसात किलो सुका चारा खाते, म्हणजे वर्षाला पावणेतीन टन. मराठवाड्यातील उजाड माळ हेक्टरी एक टनही सुके गवत देत नाही. चांगला राखला तर दोन-तीन टनांपर्यंत जातो. म्हणजे उत्तम राखलेल्या कुरणाचाही जवळजवळ एक हेक्टर एका गाईला लागतो. न्यूझीलंडमध्ये वर्षभर पाऊस झिरपतो आणि वर्षभर गवत हिरवे राहते. आपल्याकडे पाऊस चार महिने आणि उन्हाळा बोडका. सव्वातीन एकरांच्या धन्याने स्वतःच्या काळ्या जमिनीवर कुरण राखावे, असे त्याला सांगणे ही त्याची थट्टा ठरेल. सेव्हरी यांचे वाळवंट हिरवे करण्याचे दावेही अनेक शास्त्रज्ञांनी अमान्य केले आहेत. तरीही त्यांच्या आणि व्होइझँ यांच्या विचाराचा गाभा, गवताला विश्रांती हवी हा, वादातीत आहे. अतिचराई झालेल्या माळावरून मारवेल आणि पवन्या ही रसाळ गवते प्रथम जातात, कुसळी तेवढी उरते आणि अखेर तीही विरळ होते. हे कोणत्याही वयस्क गुराख्याला विचारावे.

मग कुरुंद्याच्या शेतकऱ्याने दोहोंपैकी काय निवडावे? आमच्या मते प्रश्नाची ही मांडणीच सदोष आहे. मॉलिसन यांच्या रचनेत घरापासून दूर जाणारी वर्तुळे कल्पिलेली आहेत : दाराशी भाजीपाला, पलीकडे फळबाग, त्यापलीकडे मुख्य पिके, मग चराई आणि सरपण, आणि शेवटी निसर्गाच्या स्वाधीन केलेला पट्टा. वाचकांनी क्षणभर आपले गाव डोळ्यांपुढे आणावे. परसबाग, मळा, शेत, गायरान आणि देवराई ही तीच पाच वर्तुळे नव्हेत काय? भेद एवढाच की, ऑस्ट्रेलियातील शेकडो एकरांच्या धन्याजवळ ही पाचही वर्तुळे एका मालकीची असू शकतात. आपल्याकडे पहिली तीन कुटुंबाची आहेत आणि शेवटची दोन गावाची. म्हणून पर्माकल्चर हे कुटुंबाच्या जमिनीचे शास्त्र आहे आणि कुरण हे गावाच्या जमिनीचे. या दोहोंना जोडणारा धागा म्हणजे शेण. माळावरचे गवत गाईच्या पोटातून गोठ्यात येते आणि गोठ्यातून हळदीच्या वरंब्यावर पोहोचते. शेतकऱ्याने कितीही कुशलतेने आपली वाडी रचली, तरी गावाचे चौथे वर्तुळ नष्ट झाले असेल तर त्याची रचना अपुरीच राहणार.

आणि ते नष्ट होत आहे. एके काळी खरीप ज्वारीच्या कडब्याने उन्हाळा निभावून जात असे. सोयाबीन आले आणि ज्वारीचे क्षेत्र आटले. सोयाबीनची पाने कापणीआधीच गळतात आणि त्याच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. उसाचे वाढे गाळप हंगामापुरते, शिवाय केवळ वाढ्यांवर पोसलेल्या जनावराच्या शरीरातील चुना कमी होतो. हळदीचा पाला तर गुरे खातच नाहीत. शेतातून चारा गेला, माळावरून गवत गेले, आणि मग गोठ्यातून गाय गेली. महाराष्ट्रातील गोवंश २०१२ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख होता. २०१९ च्या गणनेत तो सुमारे १ कोटी ४० लाखांवर आला. आपल्या परिसराचे भूषण असलेली लाल कंधारी ही कष्टाळू जात. दूध बेताचे, पण बैल चिवट. बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतल्यावर आणि चारा महागल्यावर तिला सांभाळणाऱ्याची दमछाक होते. २०१५ च्या कायद्याने राज्यातील संपूर्ण गोवंशाला अभय दिले. परंतु त्या गोवंशाचे पोट कोठे भरायचे, याचे उत्तर कायद्यात नव्हते आणि समाजानेही ते पुरतेपणी दिले नाही. भाकड गाय आणि म्हातारा बैल पोसण्याचा भार एकट्या अल्पभूधारकावर पडला. गोरक्षणाचे व्रत घेतलेल्या प्रत्येकाने या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचा हिशेब एकदा तरी ऐकावा.

काही जण म्हणतील, एवढ्या शेणाची गरजच काय? पद्मश्री सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीत एकरी दहा किलो शेणाचे जीवामृत पुरते आणि एका देशी गाईवर तीस एकरांची शेती होते. जीवामृताने खर्च कमी झाल्याचा अनुभव सांगणारे शेतकरी आहेत, आणि कृषिशास्त्रज्ञांमध्ये या दाव्यांविषयी मतभेदही आहेत. परंतु पाळेकरांची पद्धतदेखील जमिनीवर सतत आच्छादन मागते. ते आच्छादन म्हणजे पुन्हा काडीकचरा, पाला आणि गवतच. सेंद्रिय पदार्थ कोठून तरी यावयास हवा, हा नियम कोणत्याही पद्धतीला चुकत नाही.

पाण्याचाही याच्याशी संबंध आहे. जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत कुरुंदा गावात पुराचे पाणी घराघरांत शिरले, संसार भिजले. तो पूर केवळ माळ उघडे पडल्याने आला, असे म्हणणे धाडसाचे होईल. त्या दिवशीचा पाऊसच असाधारण होता. पण गवताने झाकलेला उतार पाणी धरून ठेवतो आणि बोडका उतार ते गावाच्या अंगावर सोडतो, हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

येथे एका नाजूक विषयाला हात घालणे भाग आहे. गायराने वाचवा असे म्हटले की पहिली कुऱ्हाड गरिबावर पडते. मराठवाड्यात गायरानावर शेती करणारी अनेक कुटुंबे भूमिहीन आणि अनुसूचित जातींची आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, ते याच हक्कासाठी. १९९० पूर्वीपासून कसत असलेल्या अशा कुटुंबांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. दुसरीकडे, २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश देशभरातील राज्यांना दिले. त्यातही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसारख्या अपवादांना वाव ठेवला. पुढे २०२२ मध्ये राज्यातील गायरानांवरील दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांचा विषय उच्च न्यायालयात आला, तेव्हा हजारो घरांची झोप उडाली. सामाजिक समरसतेचा विचार मानणाऱ्यांना येथे दुटप्पी होता येणार नाही. पोटासाठी दोन एकर कसणारी विधवा आणि माळाचा मुरूम उपसून विकणारा पुढारी यांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. पहिलीला तिचा सातबारा मिळावा आणि दुसऱ्याला नोटीस. त्यानंतर जे गायरान उरेल, ते थोडे का असेना, गावाने जीव लावून राखावे.

ते राखता येते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. अण्णा हजारे यांच्या राळेगणसिद्धीने आणि पोपटराव पवार यांच्या हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वीकारली. मोकाट चराई थांबली, गवत कापून नेण्यास मुभा राहिली. माळ हिरवे झाले, आणि हिवरे बाजारात गवतापाठोपाठ दुधाचाही धंदा वाढला. अहिल्यानगर जिल्ह्यातील ती गावे वसमतपेक्षा कितीतरी कोरडी आहेत. मग वसमतला जे अवघड वाटते, ते पावसामुळे वाटते की एकोप्याच्या अभावामुळे?

अर्थात चराईबंदीचेही ओझे प्रथम शेळीवाल्या गरीब स्त्रीवर पडते, हे विसरून चालणार नाही. तिच्या चार शेळ्या हीच तिची बँक. म्हणून बंदी संपूर्ण माळावर एकाच वेळी नको. गायरानाचे चार तुकडे करावेत. दोन तुकडे पावसाळाभर मिटलेले असावेत, दोन पाळीपाळीने खुले; पुढील वर्षी अदलाबदल. मिटलेल्या तुकड्यांत मारवेल, पवन्या आणि स्टायलोचे बी फेकावे. दिवाळीनंतर तेथील गवत कापण्याचा पहिला हक्क भूमिहीन कुटुंबांना द्यावा. जास्तीचे त्यांनी गोठेवाल्यांना विकावे. गावाने मिळून पगारी गुराखी नेमावा आणि त्याचे वेतन जनावरामागे वाटून घ्यावे. उन्हाळ्यात शेतात मेंढ्या बसविण्यासाठी धनगर बांधवांना आजही बोलाविले जाते; त्यांच्या वाटा आणि थांबे यांची नोंद या आखणीत असावी. आणि प्रत्येक शेतकऱ्याने रब्बीत निदान अर्धा एकर ज्वारी पेरावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने दिलेली ‘परभणी मोती’ माणसाला भाकरी देते आणि गाईला कडबा.

यांतील एकही गोष्ट सरकारच्या अनुदानाअभावी अडून राहण्यासारखी नाही. अडते ते ग्रामसभेत. गायरानाचा विषय निघाला की सभा तहकूब होते, कारण तेथे कोणाचे तरी हितसंबंध दुखावतात. आपल्या कार्यकर्त्यांची खरी कसोटी तेथे आहे. गोमातेच्या पूजनाला शंभर हात जमतात. मोजणीच्या दिवशी माळावर उभे राहण्यास पाच माणसे मिळणे कठीण जाते. ही पाच माणसे आपण का असू नये?

शहरातील वाचकांसाठीही यात काही आहे. आपण श्रद्धेने गोशाळेला चाऱ्यासाठी देणगी देतो; ती द्यावीच. पण तो चारा ट्रक भरून कोठून तरी विकत आणलेला असतो, आणि त्या खरेदीने खेड्यातील कडबा आणखी महागतो. आपल्या देणगीचा काही भाग एखाद्या गावाच्या माळावर गवताचे बी, दगडी बांध आणि गुराख्याचे वेतन यांसाठी जावा. आपण विकत घेतो त्या हळदीला दोन पैसे अधिक देताना ती कोणत्या मातीत, कोणत्या खतावर वाढली हे विचारावे. मागणी करणारा सुजाण झाला की पिकविणाऱ्याला बळ येते.

वाडी की कुरण, या वादात ग्रंथ रचले गेले आणि आणखीही रचले जातील. कुरुंद्याच्या शेतकऱ्याला त्याची प्रतीक्षा करण्याची गरज नाही. त्याच्या काळ्या जमिनीवर झाडे आणि हळद शोभतील, टोकाईच्या उतारावर गवत शोभेल, आणि या दोहोंच्या मध्ये लाल कंधारी गाय सुखाने ये-जा करील. पहिले काम त्याला एकट्याला जमेल. दुसऱ्यासाठी गाव लागेल. येत्या मृगाआधी आपापल्या गावच्या गायरानाचा उतारा तलाठ्याकडून काढून ग्रामसभेपुढे ठेवावा, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.